कोऱ्या कापातलं सोनं

आमच्या विभागात त्यांना सगळे भिंगरीकाका म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. वयाने ते माझ्याहून दोन महिन्यांनी लहान, पण सगळं जग काका म्हणतं म्हटल्यावर मीही म्हणायला लागले. एखाद्याच्या पायाला भिंगरी असते, यांच्या अख्ख्या अंगालाच होती. चहा उभ्याने, तोही चालत. नोटीस बोर्डावरची तीच नोटीस दिवसातून चारदा वाचायचे. माझ्या टेबलाशी बोलायला आले की पेपरवेट गरगर फिरवायचे. एकदा मी वैतागून पेपरवेट ड्रॉवरमध्ये लपवला, तर त्यांनी बोलता बोलता माझं स्टेपलर उचललं आणि अर्ध्या तासात त्याची स्प्रिंग मोकळी करून ठेवली.

घरीही तेच. त्यांची बायको कपडे शिवायची. तिच्या तोंडून मी ऐकलंय, "सुई सोडली तर यांनी घरातली एक वस्तू जागेवर ठेवलेली नाही. मीठ शोधायला गेले तर कपाटात चपला निघतात." बाई तशी शांत, पण बोलली की एका वाक्यात उरकायची.

आणि या माणसाचं काम काय, तर श्वास रोखून बसायचं.

रुग्णांच्या अंगातून काढलेल्या तुकड्यांचे ते काप काढायचे. आमचा विभाग एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत होता. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तिथे होता आणि त्याच्याखाली ठेवायला जो काप लागतो, तो इतका पातळ की केसाच्या जाडीत तसले हजारभर मावतील. रोज सकाळी ते काचेची पट्टी तोडून स्वतःची सुरी तयार करायचे. सुरीच्या धारेला पाण्याचं इवलंसं डबकं असायचं, काप त्यावर तरंगत यायचा. चंदेरी दिसला तर जाडी बरोबर, जांभळा दिसला तर जाड झाला, टाकून द्या. शेजारून कोणी जोरात चाललं तरी काप बिघडायचा, म्हणून ते सात वाजता यायचे, इमारत जागी व्हायच्या आत. तरंगणारा काप हलवायला लाकडी काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवलेला असायचा. पापणी बायकोची. "माझ्या पापण्या राठ आहेत," असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

काप काढायच्या यंत्रापुढे बसले की भिंगरी थांबायची. दोन दोन तास खांदा हलायचा नाही. त्यांचा एकच नियम होता: एकदा बसलो की उठायचं नाही. फोन वाजो, साहेब येवो, छत कोसळो.

मी तिथे टायपिस्ट. बावीस वर्षं मी त्या विभागाचे अहवाल टाईप केले, आणि मला न कळणारी गोष्ट टाईप करायचा मनस्वी राग येतो. त्यामुळे मी विचारायची. विभागप्रमुख डॉक्टरमॅडमना वेळ नसायचा, मग काकांना धरायची.

"बाई, पेशी म्हणजे काय पिशवी नव्हे," ते पेपरवेट फिरवत सांगायचे. "घर आहे. खोल्याखोल्यांचं. प्रत्येक खोलीला भिंत, दार आणि दारात राखणदार."

"आणि प्रथिनं?"

"ती काम करणारी माणसं. बहुतेकांचा जन्म मधल्या मोकळ्या जागेत. जन्मताना अंगावरच पत्ता घेऊन येतात. कोणाच्या डोक्याला दहा-वीस अक्षरं, कोणाच्या शेपटाला दोन-तीन. राखणदार चाचपून बघतो. आपल्याकडचा असला तर आत ओढतो, नाहीतर चल पुढे."

"आणि ज्यांना पेशीबाहेर जायचंय ती?"

"त्यांची वेगळी सोय. ती आधी बांधाबांधीच्या खोलीत जातात. तिथे शिक्का बसतो, मग छोट्या छोट्या पिशव्यांत भरून, दोऱ्यांवरून ओढत पार काठापर्यंत नेतात. रात्रंदिवस चालू असतं. आत्ता तुम्ही माझ्यावर डोळे वटारताय ना, तेवढ्यात तुमच्या एकेका पेशीत हजारो माणसं आपापल्या खोलीत पोचली."

"आणि पत्ता चुकला तर?"

"तर माणूस चुकीच्या खोलीत जातो. हात आहेत, हुन्नर आहे, पण करायचं काम पलीकडच्या खोलीत पडलेलं. तिकडे ढीग साचतो आणि हा इकडे नुसता उभा."

हे मी हसत ऐकलं होतं. तेव्हा ती मुलगी आमच्याकडे आली नव्हती.

ती सात वर्षांची होती. बाप घरांना रंग द्यायचा, त्याच्या नखांच्या कडा कायम पांढऱ्या असायच्या. मुलीला तीन वर्षांची असल्यापासून मुतखडे. काढले की पुन्हा व्हायचे. किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. तिच्या आधीचा मुलगा असाच गेला होता, आणि तेव्हा कोणाला कारणही सांगता आलं नव्हतं.

या वेळी कारण कळलं होतं. यकृतात एक एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे एका ठरावीक कामाचं प्रथिन. याचं काम एक नकोसा पदार्थ वेळेवर निकालात काढणं. ते झालं नाही की त्या पदार्थाचं ऑक्झलेट होतं, ते किडनीत जाऊन बसतं आणि त्याचे खडे होतात. मुलीचं हे एन्झाइम मुळात तयारच होत नसेल, तर एकच उपाय: तिचं यकृत काढायचं आणि बापाच्या यकृताचा तुकडा लावायचा. आणि एन्झाइम असेल, फक्त भलत्या खोलीत जात असेल, तर बी-सहा नावाच्या व्हिटॅमिनचा मोठा डोस काही महिने देऊन पाहण्यात अर्थ होता. काहींना त्याने फरक पडतो. गावाकडच्या डॉक्टरांनी ते आठवडाभर थोडंसं देऊन सोडून दिलं होतं. आता उगाच वाट बघत बसायला किडन्यांकडे वेळ नव्हता. जनुकांची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती. शस्त्रक्रियेची सगळी तयारी झाली होती, बापाच्या तपासण्यासुद्धा. सगळे थांबले होते ते आमच्या अहवालासाठी.

यकृताचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा आला. रसायनवाल्यांनी त्यातला अर्धा घेऊन एन्झाइम किती काम करतं ते मोजलं. उरलेल्याचे काकांनी काप काढले. त्या एन्झाइमला शोधून चिकटणारं एक द्रव्य मिळतं, त्याला नंतर सोन्याचे अतिसूक्ष्म कण जाऊन बसतात. काप आधी त्यात आणि मग सोन्यात बुडवला की जिथे एन्झाइम तिथे सोनं. मायक्रोस्कोपखाली काळे ठिपके दिसतात. ठिपके कोणत्या खोलीत आहेत ते मोजायचं, झालं.

काप ठेवतात तांब्याच्या गोल जाळीवर. जाळी डाळीच्या दाण्याएवढी. अशा जाळ्या एका चपट्या प्लास्टिकच्या पेटीत, खाचांमध्ये रांगेने ठेवतात. काकांनी तीन रांगा लावल्या. पहिल्या रांगेत मुलीचे काप. मधल्या रांगेत निरोगी यकृताचे. शेवटच्या रांगेत पुन्हा मुलीचेच, पण त्यांना शोधणारं द्रव्य लावलेलं नाही, नुसता सोन्याचा हात फिरवलेला. याला ते कोरा म्हणायचे. कोऱ्यात सोनं चिकटायला नको. चिकटलं तर समजायचं की आपलं काहीतरी गंडलंय.

आता त्या पेटीची गोष्ट सांगायला हवी. पेटीचा एक कोपरा मुद्दाम कापलेला असतो, म्हणजे वरची बाजू कोणती ते कळावं. खाचांना अक्षरंही असतात. पण काकांच्या पेटीवरची अक्षरं त्यांच्याच अंगठ्याने पुसली गेली होती, आणि तीन वर्षांपूर्वी ती जमिनीवर पडून तिरक्या रेषेत समोरचा कोपराही उडाला होता. नव्या पेटीसाठीचं मागणीपत्र मी स्वतः टाईप केलं. नवी पेटी आलीही. काकांनी ती कपाटात ठेवून दिली. म्हणाले, "मला हाताला कळतं, बाई." तीस वर्षं हाताला कळत होतं, त्यामुळे कोण काय बोलणार? मीही बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा.

मंगळवारी सकाळी काका पेटी घेऊन मायक्रोस्कोपच्या खोलीत बसले. नेहमीप्रमाणे आधी मधली रांग पाहिली, निरोगी यकृत. सोनं अगदी जिथे हवं तिथे, छोट्या गोल खोल्यांत. पेरॉक्सिझोम म्हणतात त्यांना. काम चोख झालं होतं. आता मुलीची जाळी घ्यायची, तेवढ्यात दारात बाप.

तो तिथवर कसा पोचला कोण जाणे. तीन दिवस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर त्याची वरात चालली होती. मी समोरच्या खोलीतून पाहत होते. तो चौकटीबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या मुलीचं झालं का?"

आणि भिंगरीकाका उठले.

मी टाईप करायची थांबले, इतकं ते नवल होतं. पेटी हातातच होती. दारापाशी जाऊन बोलले, "आज बघतोय. तुमच्या मुलीचंच आहे हातात. दोन दिवस धरा. काही खाल्लंत का सकाळपासून?" बाप काहीतरी बोलला. काकांनी त्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि उपाहारगृह कुठे ते दाखवलं. परत येऊन बसले आणि पेटी टेबलावर ठेवली.

पहिल्या रांगेतली जाळी घेतली. सोनं नाही. दुसरी घेतली. नाही. चार जाळ्या पाहिल्या, फोटो काढले. फिल्म संपत आली होती आणि नवी दुसऱ्या दिवशी येणार होती. कोरा पाहायचा राहिला. कोऱ्यात काय असणार, मधली रांग तर व्यवस्थित होती.

गुरुवारी मॅडमनी मजकूर सांगितला आणि मी टाईप केला: यकृतपेशींत सदर एन्झाइम आढळत नाही. मॅडमची सही झाली आणि अहवाल शुक्रवारी सर्जनकडे गेला. शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. रविवारी बाप आणि मुलगी दोघांनी भरती व्हायचं.

शुक्रवारी दुपारपासून काकांचं काहीतरी बिनसलं. चालायचे तर रोजच, पण त्या दिवशी चालताना नोटीस बोर्डाशी थांबत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. तिसऱ्यांदा माझ्या टेबलाशी आले आणि पेपरवेटला हातसुद्धा लावला नाही.

"रसायनवाल्यांचा कागद तुम्हीच टाईप केला ना?"

"मीच. का?"

"किती काम होतंय म्हणाले ते?"

"एक तृतीयांश."

"काम एक तृतीयांश होतंय आणि काम करणारा कोणीच नाही. मग करतंय कोण?"

"मॅडम म्हणाल्या, दुसरं एखादं एन्झाइम थोडंफार तेच काम करत असेल."

"असेल," काका म्हणाले आणि निघून गेले. दहा मिनिटांनी परत आले. "एक तृतीयांश म्हणजे थोडंफार नव्हे, बाई."

शनिवारी अर्धा दिवस. मी पर्स उचलतच होते, तर काका समोर. डोळे तांबारलेले. म्हणाले, कोरा बघायचाय, एकट्याने नको, तुम्ही बसा. मला घरी पाहुणे होते, आणि मी तसं सांगितलंही. सांगत सांगत त्यांच्यामागे गेले.

खोलीत अंधार केला. पडद्यावर हिरवट उजेड आला. काकांनी शेवटच्या रांगेतली जाळी घातली, म्हणजे त्यांच्या हाताला जी शेवटची वाटत होती ती. पडद्यावर रोखलेल्या दुर्बिणीला डोळे लावले आणि जाळी पुढेमागे सरकवत राहिले. यंत्राचा पंप तेवढा घरघरत होता.

"काय झालं?"

त्यांनी मला जागा करून दिली. वीस वर्षं टाईप केल्यावर तंतुकणिका मलाही ओळखता येते. पेशीला लागणारी ताकद तिथे तयार होते. लांबट, आत घड्या घड्या. त्या घड्यांमध्ये काळे ठिपके होते. एक-दोन नव्हे, मूठभर मोहरी सांडावी तसे. आणि बाजूच्या छोट्या गोल खोल्या रिकाम्या.

"कोऱ्यात सोनं कसं?" मी विचारलं.

"हा कोरा नाही. ही ती आहे." त्यांनी पेटी उचलली, उलटसुलट फिरवली. एक कोपरा कापलेला, एक उडालेला, दोन्ही सारखे. "मी उठलो होतो. परत येऊन पेटी उलट्या टोकाने ठेवली. मधली रांग मधेच राहते, म्हणून काही कळलं नाही. मी मुलीचा म्हणून कोरा पाहिला आणि कोरा म्हणून मुलीला पाहिलंच नाही."

ते पेटी मांडीवर ठेवून बसले. भिंगरीकाकांना बिनकामाचं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीती वाटली, खरं सांगते.

मग माझ्यातली कारकून जागी झाली. म्हटलं, "हे बघा, मॅडमना सांगू की शंका आली म्हणून नव्याने काप काढले आणि निकाल वेगळा आला. कोणाला फासावर जायला नको. मुलगी वाचली म्हणजे झालं. तुमची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

"आणि ही पेटी? तीन वर्षं हिचा कोपरा उडालाय. याआधी कधी उलटी झाली नसेल कशावरून? चूक झाली हे सांगितलं तरच मागचं सगळं तपासतील."

"मागचं तुम्ही गुपचूप तपासा."

"बाई," ते म्हणाले, "सोमवारी त्या मुलीचं यकृत कापून टाकणार होते."

मी फोन उचलून मॅडमच्या घरचा नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

मॅडम अर्ध्या तासात आल्या. मुळात चिडक्या बाई, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. दुर्बिणीतून बघितलं, पेटी बघितली, आणि म्हणाल्या, "काका, या पेटीवर आता माझा विश्वास नाही, आणि माझ्या सहीवरही नाही. तुकडा शिल्लक आहे ना? पहिल्यापासून करा. आत्ता. नवीन पेटीत. जाळी कुठे ठेवली ते या टायपिस्टबाई लिहितील, तुम्ही नाही." त्यांनी सर्जनना फोन करून सोमवारची शस्त्रक्रिया थांबवून ठेवायला सांगितलं. तिकडून काय बोलणी बसली ती मला ऐकू आली नाहीत, पण मॅडमचा कान लाल झाला.

काका यंत्रापुढे बसले, पण भिंगरी थांबेना.

पहिली सुरी तुटली. दुसरीवर काप जांभळा आला. तिसऱ्या वेळी काप चंदेरी आला तर पापणीची काडीच हातातून निसटली, केस तुटला. त्यांनी स्वतःची पापणी उपटून पाहिली. राठ. खरंच राठ होती, मी उगाच हसले होते. माझी देऊ केली तर म्हणाले, चष्मेवाल्यांच्या पापण्या आखूड असतात. हे खरं की खोटं, मला अजून माहीत नाही.

शेवटी मी त्यांच्या घरी फोन केला. चार वाजता त्यांची बायको आली, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबकळत. मी जिन्यातच तिला सगळं सांगितलं. ती आत जाऊन नवऱ्यासमोर उभी राहिली, चेहरा पुढे केला आणि म्हणाली, "घ्या. मन भरेपर्यंत घ्या. नाहीतरी घरात काय जागेवर ठेवलंय तुम्ही?"

त्यांनी चिमट्याने एक पापणी काढली. तिचा डोळा पाण्याने भरला, काकांचे दोन्ही. मग ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता मी हलत नाही. बघू कोण जास्त वेळ बसतं."

दोघं बसली. मी चपला काढून दाराशी उभी राहिले, कोणी आलं तर थोपवायला. वीसेक मिनिटांनी सुरीच्या पाण्यावर चंदेरी फीत उलगडत आली, एकाला एक लागून सहा काप. पापणीचा केस फिरला तेव्हा हात हलत नव्हता.

रविवारी सकाळी मॅडमनी स्वतः पाहिलं. जाळी कुठली ते मी वाचून दाखवत होते. मुलीच्या कापांत सोनं, तंतुकणिकांमध्ये. कोरा कोरा. काकांना त्यांनी खोलीत येऊ दिलं नाही. ते बाहेर येरझारा घालत होते आणि मला ते चालणं ऐकून बरं वाटत होतं.

का चुकतं तेही पुढे कळलं. हा आजार असलेल्या अशा मुलांच्या एन्झाइमच्या शेपटाला खरा पत्ता असतोच. पण डोक्याकडे एक-दोन अक्षरं बदललेली असतात आणि ती तंतुकणिकेच्या पत्त्यासारखी दिसतात. शिवाय त्याला अंगाची नीट घडी घालायला उशीर लागतो. तंतुकणिकेचा राखणदार सुटं, बिनघडीचं प्रथिनच ओढून घेतो. घडी बसायच्या आत याला ओढलं जातं. व्हिटॅमिनमुळे घडी लवकर बसते, मग त्यातलं बरंचसं आपल्या खोलीकडे जातं.

दुपारी बाप भरती व्हायला आला, हातात पिशवी. एका हाताला मुलगी. काकांनी मॅडमना बोलू दिलं नाही. स्वतः पुढे झाले.

"चूक झाली होती. माझ्याकडून. मी जाळ्या उलट्या वाचल्या. मुलीत ते एन्झाइम आहे. उद्या काही कापायचं नाही, गोळ्या देऊन बघायच्या."

बापाने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे माझं नको?"

"नको."

"मी तयार आहे, साहेब. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्यात."

"माहीत आहे. पण नको."

तो खाली बाकावर बसला आणि पोटावर उजव्या बाजूला हात ठेवून राहिला. मुलगी त्याच्या खिशातला रुमाल ओढत होती. चिडेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं. तसा अधिकार होता त्याला.

झालेल्या चुकीबद्दल लेखी खुलासा मागवला गेला. तो मीच टाईप केला. काकांनी सांगितलेला मजकूर फार कोरडा वाटला, म्हणून मी माझ्या अकलेने एक ओळ घातली: रुग्णाचे वडील चौकशीसाठी आल्याने कामात व्यत्यय आला. माझ्या दृष्टीने ते खरंच होतं, आणि सुटकेचं होतं. काकांनी वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"ही काढा."

"का? खोटं आहे का?"

"हा कागद फाइलला लागतो. फाइल मुलीची आहे. उद्या बाप वाचेल. मग जन्मभर म्हणत बसेल, मी गेलो म्हणून झालं. त्याने विचारलं यात काय चुकलं? उठलो मी."

मी ओळ काढली, अख्खं पान नव्याने टाईप केलं आणि त्या दिवशी यंत्रावर जरा जास्तच जोरात बोटं आपटली.

काकांच्या नोंदीत ताशेरा बसला. मागच्या तीन वर्षांचे अहवाल पुन्हा तपासले, त्यात कुठे घोळ निघाला नाही. जुनी पेटी त्यांनी फेकू दिली नाही. नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्या दिवशी ती द्यायचे आणि विचारायचे, वर कुठलं? शिकणारा गडबडला की सांगायचे, "मीही." आणि कोऱ्याचा फोटो काढल्याशिवाय मग कोणाचाच अहवाल माझ्या टेबलावर आला नाही.

मुलीला गोळ्या लागू पडल्या. चार महिन्यांत ऑक्झलेट निम्म्यावर आलं, वर्षभरात त्याच्याही खाली. किडन्या गेल्या तेवढ्या गेल्याच, पण उरल्या त्या टिकल्या. दिवसभर पाणी प्यायचं आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत, एवढ्यावर ती वाढत राहिली.

काका दोन वर्षांनी निवृत्त झाले. छोटासा समारंभ होता, सभागृह अर्धं रिकामं. बाप आला होता, मुलीला घेऊन. नखं तशीच पांढरी. कोणी बोलणार का असं विचारल्यावर तो उठला. त्याला भाषण येत नव्हतं. तो माझ्याकडे नव्हे, मॅडमकडे नव्हे, काकांकडे बघून बोलला.

"मी तीन दिवस फिरत होतो. सगळे बसूनच सांगायचे, उद्या या. कोणी मान वर करायचं नाही. तुमच्या दारात आलो तर तुम्ही हातातलं काम टाकून उठलात. जिन्यापर्यंत आलात. जेवलात का विचारलंत. नंतर ते चुकीचं काय झालं ते मला नीट समजलं नाही, साहेब. मला ते उठणं लक्षात आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती व्यत्ययाची ओळ मी काढली होती. ती कुठेच लिहिलेली नव्हती, फक्त आम्हा दोघांना माहीत होती. मी पदराने चष्मा पुसायला लागले.

बाप बसला. काकांनी आता दोन शब्द बोलावेत म्हणून सगळे थांबले. ते खुर्चीत बसून होते, हात मांडीवर, खांदा हलत नव्हता. बायकोने शेजारून कोपर मारलं तरी उठेनात.